नाकारलेल्या मालाचा भुर्दंड कोणी सोसायचा?

आपण विचारले आहे की, एखाद्या प्रदेशात न्याय्य, टिकाऊ आणि संकटातही तग धरणारी अन्नव्यवस्था उभी करायची असेल तर सुरुवात कुठून करावी, आणि शेतकऱ्यांना थेट ग्राहकांना माल विकण्याची सोय करून दिली म्हणजे काम भागते का. उत्पादकांच्या एका गटाचे संकलन आणि वितरण मी काही वर्षे सांभाळले आहे. त्या अनुभवावरून सांगते की थेट विक्रीने सुरुवात चांगली होते, पण तेवढ्याने काम भागत नाही.

थेट विक्रीत उत्पादकाच्या हाती जास्त पैसे पडतात हे खरे आहे. मात्र आठवड्यातले एकदोन दिवस शेत सोडून विक्रीला बसणे ज्याला परवडते असा उत्पादक आणि तिथवर येण्याइतकी सवड ज्याला आहे असा ग्राहक, या दोघांचीच त्यात सोय होते. रुग्णालयाचे स्वयंपाकघर, शाळेचे भोजनगृह किंवा कामगारांची खाणावळ यांना ठरलेल्या वेळी, ठरलेल्या प्रतीचा आणि ठरलेल्या वजनाचा माल दारात हवा असतो. तो पोचवायला संकलन केंद्र, प्रतवारीची जागा, शीतगृह, लहान प्रक्रिया केंद्रे, गाड्या आणि चोख हिशेब ठेवणारी माणसे लागतात. मध्यस्थ हटवले की सगळे सुरळीत होईल असे अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. मध्यस्थ गेला तरी त्याचे काम उरतेच आणि ते कोणाला तरी करावेच लागते. म्हणून मी पाहते ते एवढेच की या मधल्या कामाची मालकी कोणाकडे आहे आणि त्यातली जोखीम कोणाच्या गळ्यात पडते.

माल पोचल्याच्या आमच्या पावतीवर तीन रकाने असत: आलेला, स्वीकारलेला, नाकारलेला. एकदा एका मोठ्या खरेदीदाराकडे पहाटे पालेभाजीचे चाळीस क्रेट गेले आणि त्यातले अठरा ‘प्रत कमी’ असा शेरा घेऊन दुपारी परत आले. मी ते स्वतः उघडून पाहिले. जुड्या पहाटे भरल्या तशाच ताठ होत्या, मुळांची माती अजून ओलसर होती. कमी झाली होती ती त्या खरेदीदाराची त्या दिवसाची गरज. माल, भरणावळ आणि परतीचे भाडे या तिन्हींचा भुर्दंड उत्पादकाला बसला, आणि ज्या बायकांनी त्या जुड्या बांधल्या होत्या त्यांची मजुरी त्या आठवड्यात लांबली. त्या करारातला भाव चांगलाच होता, हे मुद्दाम नोंदवते.

तेव्हापासून कोणतीही व्यवस्था न्याय्य आहे का हे पाहताना मी भाव नंतर विचारते. माल कोणत्या निकषावर आणि किती वेळात नाकारता येतो, पैसे किती दिवसांत मिळतात, मागणी ऐन वेळी घटली तर नुकसान कोणाचे, आणि तोडणी-बांधणी करणाऱ्यांची मजुरी या सगळ्यावर अवलंबून ठेवली आहे का, हे आधी विचारते. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने आपल्याहून लहान पुरवठादाराच्या नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांपेक्षा जास्त रखडवण्याला आणि अशा मालाची मागणी ऐन वेळी रद्द करण्याला मनाई केली आहे. म्हणजे ही तक्रार एखाद्या गटापुरती नाही. ती कायद्याने हाताळण्याइतकी सार्वत्रिक आहे. याच्या दुसऱ्या टोकाला हंगामाचे पैसे आगाऊ भरून पिकातली जोखीम उत्पादकाबरोबर वाटून घेणारी ग्राहक कुटुंबे आहेत. जपानमध्ये १९७० च्या दशकात असे गट उभे राहिले आणि १९८६ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागातील दोन शेतांवर तशीच पद्धत सुरू झाली. मला ही पद्धत मनापासून आवडते. तिची अडचण अशी की हातावर पोट असलेल्या कुटुंबाला हंगामाचे पैसे एकदम काढता येत नाहीत, त्यामुळे हप्त्यांची किंवा ऐपतीप्रमाणे वर्गणीची सोय नसेल तर ती सुखवस्तू घरांपुरतीच उरते.

व्यवस्थेला खरे बळ सार्वजनिक खरेदीतून मिळते, कारण तिथे मागणी रोजची असते आणि आधी कळते. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय भोजनासाठी केंद्राकडून येणाऱ्या निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम कौटुंबिक शेती करणाऱ्यांकडून खरेदी करण्यावर खर्चावी असे बंधन घातले. या एका तरतुदीमुळे लहान उत्पादकाला पेरणीच्या आधी गिऱ्हाईक दिसू लागते. त्याच देशातील बेलो ओरिझोंची या शहराने १९९३ पासून अन्न हा नागरिकाचा हक्क मानून त्यासाठी नगरपालिकेत स्वतंत्र विभाग उघडला. तिथली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली योजना अशी: शहरातील मोक्याच्या जागा विक्रेत्यांना द्यायच्या, पण काही ठरावीक जिन्नस नगरपालिकेने बांधून दिलेल्या भावात विकायचे, आणि आठवड्याच्या शेवटी शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांमध्येही माल घेऊन जायचे, या अटींवर. पालिकेने स्वतः दुकानदारी केली नाही. तिच्याकडे असलेली मौल्यवान गोष्ट म्हणजे जागा, आणि तिच्या बदल्यात तिने गरिबांच्या दारापर्यंत माल नेऊन घेतला. आपल्या प्रदेशातील सरकारी यंत्रणेकडे देण्यासारखे काय आहे, जागा, इमारती, स्वयंपाकघरे की खरेदीचे आदेश, याची यादी करणे हे पैशाची मागणी करण्यापेक्षा आधीचे काम आहे.

टिकाऊपणाबद्दल एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जवळचे अन्न म्हणजे पर्यावरणाला सोसणारे अन्न, असे समीकरण मांडले जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासात अन्नाशी संबंधित हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्केच आढळला. मोठा भाग जमिनीचा वापर आणि प्रत्यक्ष शेती-पशुपालन यांतून येत होता. तेव्हा अंतरापेक्षा शेत कसे कसले जाते याला महत्त्व आहे. इथेही खरेदीदाराचा हात असतोच. जमिनीचा कस राखायला पिकांची फेरपालट लागते आणि फेरपालटीत कडधान्ये व चारापिके येतात. पण खरेदीदार एकच पीक उचलत असेल तर उत्पादक तेच ते पीक घेत राहणार. म्हणून स्वयंपाकघराचा पदार्थांचा तक्ता आणि शेताचा पीकतक्ता एकाच बैठकीत ठरवावा, असा माझा आग्रह असतो.

तग धरण्याची गोष्ट मात्र महागडी आहे आणि ती तशीच मांडावी. अमेरिकेत १९७० मध्ये मक्यावर करपा पडला आणि सुमारे १५ टक्के पीक गेले, कारण बहुतेक संकरित मक्यात एकाच मातृस्रोताचा गुणधर्म आला होता आणि नेमका तोच त्या बुरशीला बळी पडणारा निघाला. बियाणे तयार करणे त्यामुळे स्वस्त झाले होते, हे विसरू नये. एकच वाण, एकच प्रक्रिया केंद्र, एकच रस्ता, एकच मोठा खरेदीदार हे सारे चांगल्या वर्षात फायद्याचे दिसते. २०२० च्या महासाथीत उपाहारगृहे आणि शाळा बंद होताच अमेरिकेत दूध ओतून द्यावे लागले आणि त्याच वेळी मोफत अन्नवाटपाच्या केंद्रांपुढे रांगा लागल्या होत्या. दूध होते, खाणारे होते, पण उपाहारगृहे आणि शाळांच्या मापासाठी बांधलेली यंत्रे घरगुती मापात दूध भरू शकत नव्हती. जादा शीतगृह, दुसरी वाट, वीज गेल्यावर चालणारा काटा, अनेक वाणांचे बियाणे यांचा खर्च संकट नसलेल्या वर्षांतही चालू राहतो. तो उत्पादकाच्या किंवा गटाच्या माथी मारू नये. अग्निशमन दलासारखा तो सार्वजनिक पैशातून व्हावा. याबरोबरच शेजारच्या प्रदेशांशी देवघेवही चालू ठेवावी, कारण पूर किंवा अवर्षण आले की संपूर्ण स्वावलंबी प्रदेशातली सगळी शेते एकदम बुडतात.

खरेदी, पिके आणि संकटाची तयारी हे सगळे ठरवणारे एक मंडळही हवे. अमेरिकेतील नॉक्सव्हिल शहरात १९८२ मध्ये आणि कॅनडातील टोरोंटोत १९९१ मध्ये अशा अन्न धोरण परिषदा स्थापन झाल्या. माझ्या मते परिषदेत शेतमजूर, हमाल आणि स्वयंपाकघरातील कामगार यांना जागा असाव्यात, त्यांच्या बुडालेल्या रोजाची भरपाई मिळावी, आणि बैठक त्यांची पाळी संपल्यावर घ्यावी. एरवी त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहतात.

पहिल्या वर्षी फार पसारा मांडू नका. दोनतीन सार्वजनिक स्वयंपाकघरांकडून त्यांच्या वर्षभराच्या खरेदीच्या नोंदी मागून घ्या, त्यातले तीनचार जिन्नस निवडा जे आसपास पिकतात आणि ज्यांना शीतगृह लागत नाही, आणि एका हंगामाचा करार करा. त्यात खरेदीदाराने किमान किती माल उचलायचा ते, पैसे देण्याची तारीख आणि माल नाकारण्याची मुदत लिहून घ्या. ही मुदत माल उतरवून घेतानाच संपावी, आणि त्यानंतर परत पाठवलेल्या मालाचे भाडे खरेदीदाराने द्यावे.