व्हीएमचा (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा कॉम्प्युटर) स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेतला म्हणजे बॅकअप झाला का, की व्हीएमचा क्लोन (हुबेहूब प्रत) करून ठेवायचा?

नाही हो, स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही, इथेच बरेच जण फसतात, मी पण फसलोय. व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर व्हर्च्युअलबॉक्स असो की व्हीएमवेअर, स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कची फाइल आहे तशी गोठते आणि पुढचे बदल वेगळ्या फाइलीत जातात, म्हणजे मूळ फाइलच गेली की संपलं. अंबडला एका वर्कशॉपमध्ये अकाउंटच्या व्हीएमचे सात स्नॅपशॉट घेऊन मी निवांत होतो, सगळे एकाच हार्डडिस्कवर, एक दिवस धो धो पावसात लाइट गेली, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, डिस्क उडाली आणि सातही गेले. मालकाचं तोंड अजून आठवतंय.

स्नॅपशॉट फक्त अपडेट-बिपडेट टाकायच्या आधी घ्या, नीट चाललं की डिलीट मारा, डेटा जात नाही, बदल मूळ फाइलीत मिसळतात. व्हीएमवेअरवालेच सांगतात ७२ तासांच्या वर ठेवू नका, कारण बदलांची ती फाइल फुगत जाते आणि मशीन रडायला लागतं.

बॅकअपला मशीन बंद करून फुल क्लोन काढा (लिंक्ड नको, तो मूळ डिस्कवरच जगतो) आणि बाहेरच्या डिस्कवर टाकून ती घरी न्या. क्लोन काढताना मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवर मशीन ओळखायचा नंबर) नवीन द्यायचा पर्याय निवडा, नाहीतर दोन्ही मशीन एकदम लावली की नेटवर्कवर भांडण. आणि महिन्यातून एकदा तो क्लोन खरंच चालू होतो का बघा राव.