गॅरेजात गाड्यांना स्प्रे पेंट मारणाऱ्या भावाला रात्री खोकला येतो, छातीत शिट्टी वाजते, सुट्टीत मात्र बरं वाटतं. रंगामुळे दमा होतो का? मास्क तर तो लावतो.

हो, होतो. संशय रंगापेक्षा त्यात मिसळायच्या हार्डनरवर घ्या. टू-के (दोन भाग मिसळून वापरायच्या) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे दमा जडवणारं रसायन असतं. पेंट शॉपची सेफ्टी माझ्याकडे आहे, डब्यावरचा इशारा वाचायला मी रोज सांगतो. (थिनरच्या वासाला सगळे घाबरतात. आयसोसायनेटला वास जवळपास नाहीच, म्हणून मास्कचं फिल्टर कार्ट्रिज संपलं तरी कळत नाही.) कापडी मास्क तर निव्वळ धुळीचा, फवारणीला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. हातमोजेही हवेत, कारण ॲलर्जी कातडीतूनही जडते. एकदा जडली की अगदी थोडा फवारासुद्धा दम लावतो, तेव्हा नुसता दम्याचा पंप ओढत तेच काम चालू ठेवू नये.

छातीच्या डॉक्टरांना हार्डनरच्या लेबलचा फोटो दाखवा. पीक फ्लो मीटरवर (श्वास सोडण्याचा वेग मोजणारं छोटं यंत्र) दिवसातून चारदा फुंकून आकडे लिहा, कामाचे दिवस आणि सुट्ट्या धरून चार आठवडे. अर्थात, प्रत्येक पेंटरचा खोकला हार्डनरचाच नसतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीची तपासणी आधी.