वाचक विचारतात : गोधडीचे दुकान

प्रश्न : आमच्या बचतगटाने गोधड्यांचे दुकान काढले आहे. लोक पाहून जातात, पण घेत नाहीत. काय करावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : काचेच्या कपाटात घडी घालून ठेवलेली गोधडी सहसा विकली जात नाही, कारण ग्राहकाला ती उलटून मागचा धावदोरा पाहायचा असतो आणि आतले थर बोटांनी चाचपायचे असतात. एक-दोन गोधड्या बाजेवर पसरून ठेवाव्यात. त्याहून मोठे आकर्षण म्हणजे ग्राहकाने आणलेल्या आजीच्या नऊवारी लुगड्याचीच गोधडी शिवून देणे. मात्र कापड सुतीच घ्यावे, कारण नायलॉनची साडी अंगावरून घसरते आणि घामही शोषत नाही. धुण्याची पद्धत विकतानाच सांगावी. भिजलेली गोधडी किती जड होते, हे शहरातल्या ग्राहकाला (आणि त्याच्या वॉशिंग मशीनला) ठाऊक नसते.