निघोजचे रांजणखळगे: आई आणि मुलांना घेऊन जाताना

सत्तरीची आई आणि दोन लहान मुलं घेऊन पुण्याहून एका दिवसात निघोज होईल का, असं तुम्ही विचारलंय. आरामात होईल. नगर रस्त्याने शिरूर गाठा, तिथून पुढे साधारण 25 किलोमीटर.

फक्त पावसाळ्यात नेऊ नका. हे खळगे म्हणजे कुकडी नदीने पात्रातल्या खडकात कोरलेले खड्डे. आमचं आजोळ याच पारनेर तालुक्यातलं, त्यामुळे कुकडी मी भरलेली आणि आटलेली दोन्ही पाहिलीय. पुराच्या दिवसांत नुसतं गढूळ पाणी दिसतं. खळगे बघायचे तर डिसेंबर-जानेवारी चांगले. पण तेव्हाही गावात चहा घेताना 'नदीला पाणी सुटलंय का' एवढं विचारून घ्याच. वर कुकडी प्रकल्पाची धरणं आहेत. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणातून सोडलेलं पाणी, सुटलं की कोरड्या दिवसांतही नदी चढते.

एखाद्या कोरड्या खळग्यापाशी मुलांना हात धरून बसवा आणि तळाला काय आहे ते दाखवा. लिंबाएवढे, सुपारीएवढे गुळगुळीत गोटे पडलेले असतात. हेच इथले पाथरवट! प्रवाहाच्या भोवऱ्यात ते गरगर फिरतात आणि काळा बेसाल्ट आतून घासत राहतात. खळगा तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद, अगदी रांजणासारखा होतो. दोन शेजारी खळग्यांमधली भिंत झिजून आरपार भोक पडलेलंही दिसेल. माझी मुलगी तिथून अर्धा तास हलली नव्हती. गोटे मात्र खिशात घालू देऊ नका, तिथेच राहू देत.

कडेला अजिबात जाऊ नका. खडक घासून गुळगुळीत झालाय, पाय ठरत नाही आणि खळग्यांजवळचं नदीचं कुंड, म्हणजे पात्रातला डोह, खोल आहे. पोहायचं तर नावच नको. आईंना कुंडाकाठच्या मळगंगेच्या देवळापाशी बसवा, त्यांना दर्शनही होईल. देवीची मोठी यात्रा चैत्रात भरते. बारवेतून घागर आपोआप वर येते या श्रद्धेने लांबून माणसं येतात. त्या गर्दीत खळगे निवांत बघता येणार नाहीत.

आणि कुंड बघून लगेच गाडी फिरवू नका. हा कांद्याचा मुलूख आहे. डिसेंबर-जानेवारीत रानात लागवड चालू असते, बायका ओळीने वाफ्यात रोपं लावताना दिसतात. बांधावर थांबून विचारलंत तर मायेने बोलतात. वेळ उरलाच तर त्याच तालुक्यातलं वडगाव दर्या करा. तिथे दर्याबाई देवीच्या गुहेत छताला चुनखडीचे लवणस्तंभ लोंबतात. उतरायला पायऱ्या आहेत, तेव्हा आईंचे गुडघे विचारात घ्या.