इंग्रजी विनोदी पॉडकास्टमध्ये एवढे मोठे पाहुणे ऐकूनही हसू का येत नाही? सुरुवात कुठल्या भागांपासून करावी?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकन टीव्हीवरचा विनोदी मुलाखतकार कोनन ओब्रायन याच्या पॉडकास्टचे तीन भाग ऐकलेत, मिशेल ओबामांपासून सुरुवात केलीत, तिन्ही वेळा पाहुणे जगप्रसिद्ध होते आणि तिन्ही वेळा चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. चुकतंय कुठे, असा तुमचा प्रश्न. माझ्या मते पाहुणा बघून भाग निवडलात, तिथेच चुकलं.

मी बदलापूरहून सीएसएमटीला जातो-येतो. जाताना सव्वा तास, येताना तेवढाच, गाडी लेट झाली की बोनस. गेली कित्येक वर्षं हा सगळा वेळ मी कानात वायर खुपसून काढतोय. सुरुवातीला एकदा खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या काकांनी विचारलं होतं, "काय बघताय, दाखवा की." मी म्हटलं, "बघत नाहीये, ऐकतोय." तर म्हणाले, "मग हसताय कशाला?"

आमच्या डब्यात एक ग्रुप आहे. त्यातल्या एकाला सगळे 'साहेब' म्हणतात. का म्हणतात, हे मला पहिले पंधरा दिवस कळेना. मग कुणीतरी सांगितलं की साहेबांना बारा वर्षांत एकही प्रमोशन मिळालेलं नाही. त्यानंतर "साहेब, जरा सरकता का" एवढ्या वाक्यालाही मला हसू फुटायला लागलं. वाक्यात विनोद कुठेच नाही. तो त्या बारा वर्षांत आहे.

पॉडकास्टचं अगदी असंच असतं. तुम्ही पहिल्या दिवशी डब्यात चढलात आणि म्हणताय, हे लोक का हसतायत?

कोननचंच घ्या. 'कोनन ओब्रायन नीड्स अ फ्रेंड' नोव्हेंबर २०१८मध्ये सुरू झाला, पहिला पाहुणा विनोदी नट विल फेरेल. कल्पना अशी की १९९३पासून हा माणूस टीव्हीवर रोज रात्री नटनट्यांशी गप्पा मारत होता, पण त्यातला एकही खराखुरा मित्र झाला नाही, तर आता तासभर बसवून बघू. प्रत्येक पाहुणा सुरुवातीला आपलं नाव सांगतो आणि कोननचा मित्र होण्याबद्दल आपल्याला काय वाटतं ते एका शब्दात सांगतो. बहुतेक जण तिथेच त्याचा पाणउतारा करतात. पण खरा पॉडकास्ट पाहुणा यायच्या आधी आणि पाहुणा गेल्यावर घडतो. तिथे सोना मोव्हसेसियन असते, ती २००९पासून कोननची असिस्टंट. आणि मॅट गोर्ली असतो, निर्माता.

सोनाचा लौकिक असा की ती काम करत नाही. ऑफिसात बसून मालिका बघते, साहेबाचा फोन उचलायचा कंटाळा करते, आणि हे सगळं साहेबासमोर हसत हसत कबूल करते. जगातली सर्वांत वाईट असिस्टंट असं स्वतःलाच म्हणवणारं पुस्तक तिने २०२२मध्ये लिहिलं. ती मूळची आर्मेनियन, म्हणून २०१५मध्ये कोनन तिला घेऊन आर्मेनियाला गेला आणि त्याचा टीव्हीवर कार्यक्रम केला. आता हे डोक्यात ठेवून ऐका. कोनन तावातावाने म्हणतो की मी तुझा बॉस आहे, आणि पलीकडून सोनाचं ते मोठ्ठं, गडगडाटी हसू येतं. बस, एवढाच विनोद. मी कुर्ल्याला उतरायचं विसरलोय त्या हसण्यापायी. (कुर्ल्याला मला उतरायचंच नव्हतं, पण भाव समजून घ्या.)

गोर्लीची तऱ्हा वेगळी. तो मऊ आवाजात, अतिशय सभ्यपणे, नेमक्या वेळी एक टाचणी टोचतो. कोनन फुग्यासारखा आहे, त्याला कुणीतरी टोचणारं लागतं. हार्वर्डमध्ये शिकलेला, 'सिम्पसन्स' या कार्टून मालिकेसाठी लिहिलेला, सहा फूट चार इंचांचा हा माणूस स्वतःची फजिती होत असते तेव्हाच सर्वांत जास्त हसवतो. मिशेल ओबामा आल्या की तो चांगला वागायला लागतो, पाहुणे आल्यावर घरातली कार्टी वागतात तसा. म्हणून तो भाग ऐकायला बरा आहे, पण हसायला नाही.

त्यामुळे त्याला न घाबरणारे पाहुणे शोधा. कॉमेडियन केव्हिन निलन घ्या. चेहरा सरळ ठेवून संथ आवाजात असा काही फाटा फोडतो की कोननच्या हातून मुलाखत सुटते. डाना कार्व्ही घ्या, २०१९मधले त्याचे भाग ऐका. अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांची नक्कल करून नाव कमावलेला हा माणूस, त्याला प्रश्न विचारावाच लागत नाही, एका आवाजातून दुसऱ्यात शिरतो आणि कोनन नुसता प्रेक्षक होऊन बसतो. आणि सिनेमानट पॉल रड. रड २००४पासून कोननच्या टीव्ही कार्यक्रमात येऊन सांगायचा की माझ्या नव्या सिनेमाचा तुकडा आणलाय, आणि दरवेळी 'मॅक अँड मी' नावाच्या १९८८च्या एका भिकार सिनेमातला तोच तुकडा लावायचा. व्हीलचेअरमधला मुलगा उतारावरून घरंगळत जाऊन पाण्यात पडतो आणि एक परग्रहवासी ते बघत असतो. वर्षानुवर्षं तेच. पॉडकास्टवर तर चित्रच दिसत नाही, तरी पठ्ठ्याने तिथेही तेच केलं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला यात काय आहे? काहीच नाही. म्हणून म्हणतो, आधी पंधरा दिवस डब्यात चढा.

अमेरिकन कॉमेडियन मार्क मॅरन हे वेगळंच प्रकरण. त्याच्या पॉडकास्टचं नाव 'डब्ल्यूटीएफ', त्याचं पूर्ण रूप इथे लिहीत नाही, माझी उत्तरं आई वाचते. सप्टेंबर २००९मध्ये सुरू झाला, १३ ऑक्टोबर २०२५ला संपला. आठवड्याला दोन भाग, असे सोळाशेच्या वर. सुरू केला तेव्हा मॅरनची रेडिओतली नोकरी गेली होती आणि संसार मोडला होता. पहिले काही भाग तर नोकरी गेलेल्या त्याच रेडिओच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत रात्री गुपचूप शिरून रेकॉर्ड केलेत. मग लॉस एंजेलिसमधल्या हायलंड पार्कच्या घराचं गॅरेज आलं, आणि तिथेच निम्मी अमेरिकन विनोदी मंडळी येऊन रडून गेली.

रडून गेली, हे मुद्दाम लिहिलंय. याला विनोदी पॉडकास्ट म्हणतात, पण यात विनोद करणाऱ्यांचं ऑपरेशन चालतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं मॅरन एकटाच बोलतो. मांजरं, वडील, कुणाचा कसा राग आला, कुणाला आपल्याआधी यश मिळालं आणि त्याने आपली झोप कशी उडाली. नवे लोक इथेच पळतात. मीही पळायचो, सरळ पुढे ढकलायचो. नंतर लक्षात आलं, हेच तर साहेबांचं प्रमोशन आहे! ते ऐकलेलं असलं की मुलाखतीत तो एखाद्याला अचानक "आपलं काही बिनसलेलं नाही ना?" असं विचारतो तेव्हा पोटात गोळा येतो आणि हसूही येतं.

कॉमेडियन कार्लोस मेन्सियाचे २०१०मधले दोन भाग जरूर ऐका. मेन्सियावर दुसऱ्यांचे विनोद चोरल्याचा आरोप होता. पहिल्या भेटीत त्याने सगळं गोड गोड सांगितलं. मॅरनला काही ते पचेना. त्याने आणखी दोन कॉमेडियनांशी बोलून घेतलं आणि मेन्सियाला पुन्हा समोर बसवलं. आपल्याकडे किती मुलाखतकार असं करतात? आपल्याकडे "सर, तुमचा प्रवास कसा सुरू झाला?" इथून गाडी निघते ती थेट नव्या सिनेमाच्या तारखेलाच थांबते. त्या 'प्रवास' शब्दावर वर्षभर बंदी घाला, मराठी पॉडकास्ट एका आठवड्यात सुधारतील.

विनोदी नट रॉबिन विल्यम्सचा भाग एप्रिल २०१०चा. मॅरन सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या त्याच्या घरी गेला होता. विल्यम्स म्हटल्यावर आपण वाट बघतो ती मिनिटाला सात आवाज काढणाऱ्या माणसाची, पण इथे तो हळू बोलतो. हृदयाचं ऑपरेशन, दारू सुटणं, पुन्हा लागणं. एका ठिकाणी जीव द्यायचा विचार मनात आला तेव्हाची गोष्ट तो सांगतो, आपण आणि आपला मेंदू यांच्यातला संवाद करून, आणि ते भयंकर विनोदी आहे. ऑगस्ट २०१४मध्ये तो गेल्यावर मॅरनने हा भाग पुन्हा प्रसिद्ध केला, तेव्हा मी दुसऱ्यांदा ऐकला. वाक्यं तीच होती, पण हसायच्या जागा गेल्या होत्या. २०२२मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस लायब्ररीने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत तो घेतलाय.

जागा जाण्यावरून आठवलं, कॉमेडियन लुई सी.के.चे २०१०मधले दोन भाग. मॅरन आणि लुई या जुन्या दोस्तांची तुटलेली मैत्री माइकसमोर सांधली जाते, मुलीच्या जन्माबद्दल बोलताना लुईचा आवाज भरून येतो. बरीच वर्षं मी लोकांना हेच भाग आधी ऐकायला सांगायचो. नोव्हेंबर २०१७मध्ये त्याने महिलांशी केलेल्या गैरवर्तनाची कबुली दिली. मॅरनने पुढच्या भागात सांगितलं की मी त्याला याबद्दल विचारलं होतं, त्याने नाही म्हटलं आणि मी मित्रावर विश्वास ठेवला. आता मी ते भाग कुणाला सुचवत नाही. वाईट झालेत असं नाही, पण ऐकताना मी प्रत्येक वाक्य तपासत बसतो, आणि तपासत बसलेला माणूस हसत नाही.

ओबामांचा जून २०१५चा भाग सगळेच सुचवतील. बराक ओबामा, सत्तेवर असताना, त्या गॅरेजात आले. शेजाऱ्याच्या छतावर बंदूकधारी बसवले होते. प्रसंग म्हणून जबरदस्त आहे, पण विनोदासाठी मी कॉमेडियन गॅलाघरचा २०११चा भाग आधी देईन. हातोड्याने कलिंगडं फोडून प्रसिद्ध झालेला हा म्हातारा मॅरनने त्याच्या द्वेषाच्या विनोदांबद्दल विचारल्यावर मुलाखत अर्धी टाकून उठून गेला.

'कॉमेडी बँग! बँग!' हा तिसरा पॉडकास्ट आवडेल की नाही, हे मात्र तुम्ही बहुरूप्याला दारात कसं वागवता त्यावर ठरेल. बहुरूपी पोलीस होऊन येतो, "चला, वॉरंट आहे" म्हणतो. घाबरायचंही नाही आणि "तू खोटा आहेस" म्हणून दार लावायचंही नाही. त्याचा सूत्रधार स्कॉट ऑकरमन २००९पासून हेच करतोय. पहिला पाहुणा खरा, स्वतःच्या नावाने आलेला. मग एकेक सोंग येतं. पॉल एफ. टॉम्पकिन्स, लॉरेन लॅपकस, अँडी डेली, कुणी संगीतकार, कुणी शाळकरी पोरगी, कुणी काऊबॉय कवी. आधी लिहिलेलं काही नसतं. ऑकरमन अगदी सरळ चेहऱ्याने उलटतपासणी घेतो, "मघाशी म्हणालात बायको नाही, मग हे सासरे कुठून आले?" आणि सोंगाला तिथल्या तिथे सासरे जन्माला घालावे लागतात. पाहुण्यांत विनोदी नट जेसन मँट्झूकस असला तर डोळे मिटून लावा, तो इतरांच्या सोंगांवर इतका आरडाओरडा करतो की खरा पाहुणा कोण हेच विसरायला होतं. पहिली वीस मिनिटं कंटाळवाणी वाटतील. चालायचंच.

आणि एक विचारायचं राहिलं, तुम्ही दीडपट वेगाने तर ऐकत नाही ना? आमच्या ऑफिसातला एक मुलगा सगळं दीडपटीनेच ऐकतो आणि मग म्हणतो, मजा नाही आली. निलनच्या त्या थांबण्यातच सगळं असतं, ते तू दाबून टाकलंस तर काय येणार, कप्पाळ? अमेरिकन संदर्भ कळले नाहीत तर थांबून शोधतही बसू नका. गाद्यांच्या आणि मोज्यांच्या जाहिराती मात्र कोनन आणि सोनाच्या असल्या तर सोडू नका, कित्येकदा त्या मुलाखतीपेक्षा सरस असतात.

तर उद्यापासून कोननचे कुठलेही दहा भाग घ्या, पाहुणा न बघता. वेळ नसेल तर पाहुणाच गाळा, पुढची-मागची दहा-दहा मिनिटं ऐका. अकरावा केव्हिन निलनचा लावा. गर्दीत लावणार असाल तर दाराजवळ उभे राहू नका.