शुगरला शुगर म्हटलं तर विश्वास कमी पडतो का?

प्रश्न असा आहे: "आमच्या मंडळीत नवीन पाळक आलेत. ते म्हणतात, आजाराचं नाव तोंडावर आणायचं नाही. रोज मोठ्यानं 'मी बरी झाले आहे' म्हणायचं, जसं बोलाल तसं होईल. माझी आई मधुमेही आहे आणि त्यांचं फार ऐकते. तब्येत विचारली की 'मला काही नाही' म्हणते. हे बायबलला धरून आहे का? तिला काय सांगू?"

आधी मला सांगा, आईच्या गोळ्या मोजल्यात का? 'घेतेस ना?' असं विचारून नाही, पाकिटं हातात घेऊन. आधी ते करा, हे नंतर वाचलंत तरी चालेल.

मी इंदूरची. 22 वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि आकडे लिहिते. आजीचं माहेर नगरकडचं, तिच्याही आधीपासून आम्ही ख्रिस्ती. त्यामुळे 'तुम्हाला विश्वासातलं काय कळतं' हे मला कुणी ऐकवू नये. दादानं ऐकवलंय, म्हणून लिहितेय.

पप्पा मिलमध्ये साचेखात्यात होते. 1991 मध्ये मिल बंद पडली, पण तोवर तीस वर्षांत मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेलेले. साचेखात्यातली माणसं समोरच्याचे ओठ वाचतात आणि स्वतः ओरडून बोलतात. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरात गुपित म्हणून काही राहायचंच नाही. 2009 मध्ये शुगर निघाली, रिपोर्ट मीच केला होता. मेटफॉर्मिन सकाळ-संध्याकाळ. चार वर्षं बरी गेली.

2013 मध्ये दादा स्कीम नंबर 78 मधल्या एका घरी भरणाऱ्या संगतीत जायला लागला आणि पप्पांनाही न्यायला लागला. तिथं जे भैया शिकवायचे त्यांचा भर सगळा अंगीकारावर, म्हणजे हवं ते मिळालंच असं तोंडानं कबूल करण्यावर. मग आमच्या गॅलरीतून रोज पहाटे साडेपाचला सुरू: "मैं चंगा हूँ! यीशु के नाम में मैं चंगा हूँ!" घरात आम्ही मराठी बोलतो, पण उपासना हिंदीत, त्यामुळे देवाशी मोठ्यानं बोलायचं ते हिंदीतच. समोरच्या काकी एकदा म्हणाल्या, "भाईसाब, आप चंगे हो गए तो अब हमको तो सोने दो." पप्पांना ते ऐकूच गेलं नाही. आम्ही खूप हसलो. मीही हसले, हे लिहून ठेवते.

2014 चा जुलै. माझी मुलगी चिंचोक्यांनी खेळायची, त्यातला एक पप्पांच्या बुटात पडला. रविवारी तेच बूट घालून ते उपासनेला गेले, उभं राहून गीतं म्हटली, बसस्टॉपपासून चालत घरी आले. मोजा काढला तर अंगठ्याखाली रक्त. पायाला काही कळलंच नव्हतं. शुगर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, हे मी रोज लोकांना सांगते. पप्पा म्हणाले, "मला काही नाही." मी हळद भरली आणि ड्यूटीला गेले.

तुम्ही म्हणाल, लॅबमध्ये असून बापाची शुगर बघितली नाही? नाही बघितली. ते 'काही नाही' म्हणायचे आणि मला ते सोयीचं होतं. दहा तास दुसऱ्यांचं रक्त काढून घरी आल्यावर आणखी एक बोट टोचायची इच्छा नसते.

आठव्या दिवशी वास आला. ग्लुकोमीटर लावला, 387. पाऊल सुजलेलं, अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडत आलेलं. दादा दारातच उभा होता. पप्पांना ऐकू जावं म्हणून मी ओरडूनच बोलले, "पप्पा, बोट जाणार!"

दोन बोटं गेली. दवाखान्यात एचबीएवनसी, म्हणजे सरासरी शुगरची तपासणी, केली, 11.2. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, म्हणून हा आकडा मागच्या तीन महिन्यांचं सगळं सांगतो; रविवारच्या सकाळी चांगलं बोललं म्हणून तो खाली येत नाही. घरी येऊन स्वयंपाकघर धुंडाळलं. शेवेच्या डब्यात, शेवेच्या खाली, मेटफॉर्मिनची 9 पाकिटं सबंध. म्हणजे 90 गोळ्या, 45 दिवस. आणि ही फक्त सापडलेली.

आता दुखरी जागा. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर दादा मला म्हणाला, "तू बोललीस. तुझ्या तोंडून निघालं म्हणून झालं." आणि नीतिसूत्रे 18:21 म्हणून दाखवलं, जिव्हेच्या हाती जीवन आणि मरण आहे ते. चिंचोका नाही, डब्यातल्या गोळ्या नाहीत, नऊ महिन्यांचा 'चंगा हूँ' नाही. माझे तीन शब्द.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: अर्धवट धरून आहे. शब्दाला बायबलमध्ये वजन आहे, यात वादच नाही. देव बोलला आणि उजेड झाला. हिब्रूत 'दाबार' म्हणजे शब्द, आणि घडलेली गोष्ट म्हणजेही दाबारच. चाकर आजारी असलेला रोमी शताधिपती येशूला म्हणतो, घरी यायची गरज नाही, तुम्ही शब्द तेवढा बोला. पण बोलणारा कोण आहे ते बघा ना! उजेड देवाच्या शब्दानं झाला. त्यावरून गॅलरीत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या शब्दानं स्वादुपिंड चालू होईल, ही उडी कुणी मारली?

मारली अमेरिकेत. ई. डब्ल्यू. केन्यन (1867–1948) यांच्या लिखाणात ही कबुलीची शिकवण आहे, आणि ती जगभर नेली केनेथ हेगिन (1917–2003) यांनी. 1974 मध्ये त्यांनी ओक्लाहोमात बायबल प्रशिक्षण केंद्र काढलं. सगळा भार मार्क 11:23 वर, डोंगराला 'उपटून समुद्रात पड' म्हणण्यावर. त्याच्या आदल्याच वचनात येशू म्हणतो, देवावर विश्वास ठेवा. तुमच्या बोलण्यावर ठेवा, असं नाही. आमच्या मध्य भारतात कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी 1877 पासून आहेत. 1880 च्या दशकात एलिझाबेथ बीटी आणि मॅरियन ऑलिव्हर या डॉक्टर बायका इंदूरला आल्या त्या औषधांच्या पेट्या घेऊन. त्यांचा विश्वास कमी होता म्हणायचं का?

दादाचं लाडकं उदाहरण शुनेमच्या बाईचं, 2 राजे 4. मुलगा मांडीवर मेला, आणि अलीशा संदेष्ट्याचा नोकर गेहजी विचारतो, सगळं ठीक ना? ती म्हणते, ठीक आहे. संगतीत हे वचन सारखं घ्यायचे: बघा, मेलेल्या मुलाची आई 'ठीक' म्हणाली म्हणून मुलगा उठला! अरे पण पुढं वाचा की. गेहजीला वाटेला लावून ती थेट डोंगरावर अलीशाकडे जाते, त्याचे पाय धरते आणि फाडकन बोलते: मी मुलगा मागितला होता का तुमच्याकडे? मला फसवू नका म्हटलं नव्हतं का? ही काय 'सकारात्मक' भाषा झाली? नोकराला ठीक आणि ज्याच्या हाती काही आहे त्याला खरं, एवढीच त्या बाईची अक्कल होती आणि ती मला पटते. सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबानं तर देवाला किती बोलून घेतलं! शेवटी देव रागावला तो ईयोबाच्या मित्रांवर, ज्यांच्याकडे सगळी बरोबर वचनं होती.

पौलानं आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलंय, 1 तीमथ्य 5:23. तुझी वारंवारची दुखणी, असं सरळ लिहिलंय. दुसरा सोबती त्रफिम, त्याला तर तो मिलेत शहरात आजारी सोडून आला, 2 तीमथ्य 4:20. लिहून ठेवलं म्हणून त्रफिम जास्त आजारी पडला का? पंडिता रमाबाईंनी केडगावला सगळा संसार प्रार्थनेवर चालवला, पण पाण्यासाठी विहिरीही खणल्या. एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये त्यांच्या आधी गेली. त्यांच्या तोंडून काय चुकीचं निघालं होतं, ते दादानं मला सांगावं.

रोमकरांस 10:9 मध्ये 'तोंडानं कबूल कर' आहे, तेही तुम्हाला ऐकवतील. तिथला ग्रीक शब्द 'होमोलोगेओ', म्हणजे तेच म्हणणं, त्याला दुजोरा देणं. येशू प्रभू आहे हे कबूल करायचंय तिथं. माझी शुगर 90 आहे हे नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आता. आईला वचनांनी हरवू नका. मी दादाला प्रत्येक नाताळात हरवते, त्याचा काही उपयोग झालेला नाही. पप्पांचं काय झालं तेच सांगते.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी संगतीची माणसं वॉर्डात आली. मनापासून आली होती, फळं घेऊन. पलंगाभोवती उभी राहिली, भैया म्हणाले, "बोलो अंकल, मैं चंगा हूँ." पप्पांनी त्यांचे ओठ नीट बघितले. मग पांघरूण बाजूला करून बँडेज दाखवलं आणि म्हणाले, "दो उँगली गई." एवढंच. तक्रार नव्हती, हजेरी दिल्यासारखं बोलले. वॉर्डात सगळ्यांना ऐकू गेलं.

घरी आल्यावर मी रोज सकाळी बोट टोचायला लागले. ते म्हणाले, "आकडा मोठ्यानं सांग, मला ऐकू येत नाही." मी ओरडायचे, "एकशे अठ्ठ्याऐंशी!" आणि ते म्हणायचे, "आमेन." मला आधी वाटलं चेष्टा करतात. 210 ला आमेन, 142 ला आमेन. एकदा वाढदिवसाचा केक खाऊन 265 आली, त्यालाही आमेन, जरा हळू. खूप पुढं आमच्या जुन्या पाळकसाहेबांनी सांगितलं की 'आमेन' हिब्रू आहे आणि विश्वासासाठीचा हिब्रू शब्द त्याच धातूतून येतो. पक्कं आहे, खरं आहे, त्यावर भार टाकता येतो, असा त्याचा अर्थ. पप्पांना हिब्रू येत नव्हतं. आकडा खरा आहे आणि देवाला तो आधीच माहीत आहे, एवढं त्यांना कळलं होतं. त्यानंतर प्रार्थना करायचे तीही त्या आकड्याची, हिंदी सोडून मराठीत. समोरच्या काकींना आमची शुगर तोंडपाठ झाली. दूधवाल्याला सांगायच्या, आज भाईसाब की अच्छी है.

पप्पा 2019 मध्ये गेले, हृदयानं. पाऊल शेवटपर्यंत शाबूत राहिलं, उरलेल्या तीन बोटांसकट.

तेव्हा आईबरोबर बसा, बोट टोचा, आकडा तिलाच वाचू द्या आणि त्या आकड्यासाठी दोघी मिळून प्रार्थना करा. (दोघी म्हटलं खरं, तुम्ही मुलगा असाल तर दोघं.) रात्री पाय बघा, बोटांच्या मधेसुद्धा. चप्पल-बूट घालण्याआधी उलटा करून झटका. पाळकांना घरी चहाला बोलवा आणि आईसमोर विचारा, 'गोळ्या चालू ठेवायच्या ना?' त्यांच्या तोंडून 'हो' निघू द्या. शब्दावर त्यांचा एवढा भरवसा आहे तर हा एक शब्द आईच्या कामी येईल. टाळाटाळ केली तर दुसरीकडे उपासनेला जा, गावात मंडळ्यांची कमी नाही.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. गोळ्या बंद करा असं त्या भैयांनी कधीच म्हटलं नव्हतं. पप्पांनीच हिशेब केला, बरा झालोय तर गोळी कशाला, आणि घेत राहिलो तर आपण खोटं बोलतोय असं होईल. प्रामाणिक माणूस होता, तिथंच घात झाला. दुसरं, मी प्रार्थनेनं बरं होण्याच्या विरुद्ध नाही. याकोब 5 प्रमाणे मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून घ्या, मीही घेतलंय. लॅबमध्ये दोन रिपोर्ट इतके चांगले आलेले बघितलेत की मी परत रक्त मागवलं, आणि दुसऱ्यांदाही तेच आलं. तिसरं, चांगलं बोलण्यानं माणूस सावरतो, हे खरंच आहे. आई आनंदानं गीत म्हणत असेल तर म्हणू द्या.

आणि जिभेच्या आगीबद्दल याकोब 3 मध्ये आहे ते मला पटतं, पण दादाला वाटतं त्या कारणानं नाही. 'बोट जाणार' या शब्दांनी बोट गेलं नाही. 'तू बोललीस म्हणून झालं' या शब्दांनी मात्र माझी कितीतरी वर्षं झोप गेली. आजही पेशंटला रिपोर्ट देताना 'हाय आहे' म्हणायच्या आधी जीभ क्षणभर अडते. शब्दात ताकद नाही असं मी म्हणेन कशी?

दादालाही शुगर निघाली, तीन वर्षांपूर्वी. आमच्यात ती असतेच. दर तीन महिन्यांनी तो लॅब उघडायच्या वेळेला येतो, पेशंट जमायच्या आत. बाही वर करतो, दुसरीकडे बघतो. आजाराचं नाव तो घेत नाही, मीही घेत नाही. संध्याकाळी रिपोर्ट पाकिटात बंद करून वहिनीकडे देते. गेल्या खेपेला 7.1 होतं. आकडा मोठ्यानं म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं.