वर्दळीच्या जलमार्गावर छोटी होडी

प्रश्न : माझ्याकडे सात मीटर लांबीची, शिडाची आणि छोटे इंजिन असलेली होडी आहे. किनाऱ्यालगतच्या एका गजबजलेल्या जलमार्गाने सकाळी निघून संध्याकाळी परतण्याचा बेत आहे. यंत्रावर चालणाऱ्या जहाजांनी शिडाच्या होडीला वाट द्यायची असते, असे ऐकले आहे. मग मोठ्या जहाजांची धास्ती बाळगावी का?

उत्तर : आपण ऐकलेला नियम खरा असला, तरी अपुरा आहे. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील नववा नियम असे सांगतो की, ज्या जहाजाला अरुंद मार्गाच्या खोल पाण्यातूनच सुरक्षितपणे जाता येते, त्याच्या वाटेत २० मीटरपेक्षा कमी लांबीच्या किंवा शिडाच्या नौकेने अडथळा आणू नये. आपली होडी या दोन्ही वर्गांत मोडते, त्यामुळे अशा ठिकाणी हक्काची भाषा सोडून मार्गाच्या उजव्या कडेने, पाणी पुरेसे असेल तेथे, चालावे.

धास्तीपेक्षा अंदाज उपयोगी पडतो. १२ नॉट, म्हणजे ताशी १२ सागरी मैल, वेगाने येणारे जहाज एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, पाच मिनिटांत कापते. तीन मैलांवर निवांत भासणारा ठिपका पाव तासात आपल्याजवळ असतो. शिवाय मोठ्या जहाजाच्या नाकासमोरचे पाणी वरच्या कक्षातून दिसतेच असे नाही, कारण नाळेपुढे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापुढे, ५०० मीटरपर्यंतचा किंवा जहाजाच्या दुप्पट लांबीइतका, यांपैकी जो कमी असेल तेवढा, आंधळा पट्टा नियमांनाच मान्य आहे. होकायंत्रावर जहाजाची दिशा बदलत नसेल आणि आकार मात्र वाढत असेल, तर टक्कर होऊ शकते असे समजावे. अशा वेळी थोडे थोडे वळत राहणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक असते. लवकर, एकदाच आणि समोरच्याला स्पष्ट दिसेल इतके वळावे. मार्ग ओलांडायचाच असेल, तर जहाजाच्या पुढून घाई न करता ते गेल्यावर त्याच्या मागून ओलांडावा.

आता बेताविषयी. बहुतेक जण निघण्याची वेळ घड्याळ पाहून ठरवतात. ती भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ठरवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपली होडी पाच नॉटने चालत असेल आणि प्रवाह दोन नॉटचा असेल, तर २१ मैलांना प्रवाहाबरोबर तीन तास लागतील, विरुद्ध दिशेने सात. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, हेही लक्षात असू द्यावे. इंधनाचा एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश परतीसाठी आणि उरलेला राखीव, हा जुना हिशेब अजूनही चांगला आहे.

प्रश्न : वेगाने गेलेल्या प्रवासी बोटीच्या लाटांनी होडी भयंकर डोलते. काय करावे? आणि भोंगे कसे ओळखावेत?

उत्तर : वेग कमी करावा, माणसांना बसवावे आणि लाट कुशीवर न घेता नाळेवर थोडी तिरपी घ्यावी. एकमेकांना दिसणाऱ्या नौकांमध्ये एक छोटा भोंगा म्हणजे ‘उजवीकडे वळतो आहे’, दोन म्हणजे ‘डावीकडे’, तीन म्हणजे ‘यंत्र मागे चालवतो आहे’. झपाट्याने दिलेले पाच किंवा अधिक भोंगे ‘तुमचा इरादा कळत नाही’ असे सांगतात. ते ऐकू आले आणि जवळपास दुसरी होडी नसेल, तर ते आपल्यासाठीच आहेत.